नाणेघाटासाठी शेगडी आणि टोप : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार. नौपाडा, ठाणे

दिवाळीचे डबे रिकामे झाले, आता हे काम हातात घेते. डिसेंबरात आम्ही चौघं (दादा, वहिनी, माझी मैत्रीण आणि मी) एक रात्र डोंगरात काढतो. आजवर स्वयंपाक तीन दगडांच्या चुलीवर व्हायचा. गेल्या जानेवारीत त्या चुलीतली एक ठिणगी वाऱ्यावर उडाली आणि शेताच्या कडेचं वाळलं गवत पेटलं. ओलं पोतं आणि दादाचं जॅकेट आपटून आपटून विझवलं. दोन खाटांएवढीच जागा जळली, पण तिच्यात करवंदाची एक जाळी होती. ती काळी जाळी माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेली नाही. शेताच्या मालकांनी एका शब्दानेही दुखावलं नाही, त्याचं जास्त लागलं.

तेव्हा लाकडाची चूल कायमची बंद. दादाकडे पाच किलो गॅसचा छोटा सिलिंडर आहे, पण भरलेला असला की तो दहा किलोच्या वर जातो. घाट चढताना तो कोणाच्या पाठीवर द्यायचा? चौघांचं एक रात्रीचं जेवण, दोन वेळचा चहा आणि सकाळचा नाश्ता होईल अशी शेगडी, भांडं आणि इंधन मिळून दीड किलोच्या आत बसवायचं. जागा ठरली आहे : वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून वर घाटघरच्या बाजूला, ओळखीच्या घराचं शेत. त्यांना फोन करून विचारलं. गॅस असेल तर हरकत नाही म्हणाले.

१० नोव्हेंबर, रविवार

शेगड्यांची माहिती वाचत बसले होते. आई शेजारी मेथी निवडत होती. ती म्हणाली, "अगं, आधी शिजवणार काय ते तरी ठरव." आणि तेच खरं आहे. बाहेरच्या देशांतल्या शेगड्यांचे आकडे वाचले तर सगळी तुलना अर्धा लिटर पाणी किती मिनिटांत उकळतं यावर चाललेली असते. त्यांचं जेवण पाकिटातलं, त्यावर उकळतं पाणी ओतलं की झालं. आम्हाला मुगाच्या डाळीची खिचडी हवी, सकाळी उपमा हवा, चहा उकळलेला हवा. म्हणजे मंद आच हवी, पसरट ज्योत हवी आणि ढवळताना न डगमगणारं भांडं हवं. उकळीचा वेग यात शेवटी येतो.

चौघांच्या खिचडीला दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, वर पाणी आणि उतू जायला मोकळी जागा धरली तर सव्वादोन लिटरचा टोप लागतो. आता शोध टोपापासून सुरू करायचा, शेगडी त्याला शोभेल ती.

१३ नोव्हेंबर, बुधवार

रात्री इंधनाचा हिशोब मांडला. कंपनीच्या प्रयोगशाळेत दिवसभर वजनंच करते, त्यामुळे हा भाग मला आवडतो.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० वर न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. ब्यूटेनच्या एका ग्रॅममधून सुमारे ४५ किलोज्यूल निघतात. कागदावर सात ग्रॅमला एक लिटर उकळायला हवं. प्रत्यक्षात निम्मी धग भांड्याच्या कडेने हवेत जाते, म्हणून चौदा ग्रॅम धरायचे. स्पिरिटमध्ये ग्रॅममागे सत्तावीसच्या आसपास, म्हणजे वजन दीडपटीहून जास्त न्यावं लागतं. शिवाय स्पिरिटची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, आणि विझली असं समजून कोणी वर आणखी स्पिरिट ओतलं तर हात भाजतो. वाळल्या गवतात मला ते मुळीच नको. हेक्झामिनच्या (घन इंधनाच्या) वड्या हलक्या खऱ्या, पण टोपाच्या बुडाला चिकट काजळी धरतात, वास उग्र, आणि आच कमी-जास्त करता येत नाही. खिचडीसाठी त्या बाद.

रॉकेलचा विचार आईसाठी केला. आजीचा पितळी स्टोव्ह तिला अजून आठवतो : स्पिरिटमध्ये बुडवलेला काकडा, मग पंप, मग पिन. १८९२ मध्ये स्वीडनमध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. त्याच्या प्रायमस या नावाने आपल्याकडे कितीतरी घरांत स्टोव्हलाच प्रायमस म्हणायचे. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही बर्फ वितळवायला प्रायमसच होते. पण आज रॉकेल आणायचं कुठून, आणि सॅकमध्ये ते सांडलं तर सगळ्या कपड्यांना आठवडाभर वास.

उरला गॅस. त्यात दोन तऱ्हेचे डबे मिळतात. उंच, स्प्रेच्या बाटलीसारखा, आडवा ठेवायचा ब्यूटेनचा डबा कॅटरिंगवाल्यांच्या कॅसेट शेगडीला लागतो. तो कुठेही मिळतो आणि स्वस्त आहे. दुसरा बुटका, घुमटाच्या आकाराचा, वर आट्यांचा व्हॉल्व्ह असलेला. त्यात बहुधा आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. फरक थंडीत कळतो. ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतं, आयसोब्यूटेन उणे बाराच्या आसपास, प्रोपेन उणे बेचाळीसला. आपल्याकडे पहाटे आठ-दहा अंश म्हणजे साधं ब्यूटेनही चालायला हवं. पण जळताना द्रवाची वाफ होते, ती डब्यातलीच उष्णता ओढून घेते, आणि डबा बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. अशा वेळी ब्यूटेनची ज्योत मलूल होते. मी बुटका डबा घेणार, २३० ग्रॅमचा.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. आम्ही एरवी ठाण्याहून लोकलने कल्याण आणि पुढे एसटी असे जातो. गॅसचा डबा लोकलमध्ये नेता येत नाही. स्पिरिट नाही, रॉकेलही नाही. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १६४ आहे : तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा बाजूला ठेवला तरी सकाळच्या गर्दीच्या डब्यात असली वस्तू नेणं मला पटत नाही. एसटीतही नको. दादाची गाडी काढायची, दुसरा मार्ग नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

जांभळी नाक्याला भांडी बाजारात गेले. सोबत वहिनी आणि घरचा स्वयंपाकघरातला काटा.

आधी वाटलं होतं टायटॅनियम घ्यावं. ७५० मिलिलिटरचं टायटॅनियमचं भांडं शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं, हातात घेतलं की कागदासारखं वाटतं. पण टायटॅनियम उष्णता पसरवत नाही. ॲल्युमिनियम त्याच्या दहापट चांगलं पसरवतं. पातळ पत्र्याखाली ज्योत जिथे लागते तिथेच डाळ करपते आणि कडेचे तांदूळ कच्चे राहतात. एकट्याने पाणी उकळून कॉफी पिणाऱ्यासाठी ते उत्तम भांडं आहे. खिचडीसाठी नाही. स्टीलचीही तीच गत, वर वजन जास्त.

भांडीवाल्या काकांना सांगितलं, "काका, सपाट बुडाचा, सव्वादोन लिटरचा, हलका टोप दाखवा." त्यांनी तीन काढले. पहिला पितळी कल्हईचा, तो हौसेने दाखवला. दुसरा स्टीलचा. तिसरा हिंडालियमचा (म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा), बूड अठरा सेंटिमीटर, कड बाहेर वळवलेली. काकांनी तो उलटा करून बुडावर पट्टी आडवी धरली, उजेडाकडे केला आणि म्हणाले, "बघा ताई, खालून उजेड येत नाही." पट्टी आणि बूड यांच्यात खरोखरच केसाएवढी फट नव्हती. बूड फुगलेलं असेल तर टोप लहान शेगडीच्या पायांवर गोल फिरतो, हे मला त्यांनीच सांगितलं. झाकणासकट ४१५ ग्रॅम. घेतला.

दांडा नको म्हटलं, सांडशी घेतली, ११० ग्रॅमची. घडीचे दांडे ज्योतीच्या बाजूला तापतात आणि भरल्या टोपाला दोन किलो वजन झालं की त्यांच्या खिट्ट्या सुटतात, असं मैत्रिणीने सांगितलं. बाहेर वळवलेल्या काठाला सांडशी जी पकड घेते तशी पकड कुठल्या दांड्याची नाही.

आंबटाचं मात्र लक्षात ठेवायचं. चिंच-कोकमाची आमटी यात करायची नाही, आणि केलीच तर भांड्यात ठेवायची नाही. ॲल्युमिनियमला आंबट खातं.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी लवकर मत देऊन आले आणि दुपारी सोसायटीच्या गच्चीवर पहिली चाचणी घेतली. सेक्रेटरींना आदल्या दिवशी विचारून ठेवलं होतं. येऊरला जाऊन घ्यायचा मोह झाला होता, पण येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यान, तिथे जाळ करायचा नाही.

वहिनीच्या ऑफिसातल्या एकांकडून शेगडी मागून आणली : डब्याच्या डोक्यावर सरळ फिरवून बसवायची, तीन पायांची, मुठीत मावणारी, ८० ग्रॅमच्या आत. बघता क्षणी प्रेमात पडावं अशी वस्तू.

वारा नसताना एक लिटर पाणी साडेचार मिनिटांत उकळलं. डबा आधी आणि नंतर तोलला : १३ ग्रॅम. हिशोबाच्या जवळ. मग टेबलफॅन दोन मीटरवर ठेवून तीनवर लावला. ज्योत एका बाजूला आडवी झाली आणि टोपाच्या बाहेरूनच निघून जायला लागली. दहा मिनिटांनी पाणी नुसतं वाफाळत होतं, उकळी नाही, आणि गॅस गेला २६ ग्रॅम. दुप्पट गॅस आणि चहासुद्धा नाही.

आणखी एक. भरलेला टोप त्या छोट्या पायांवर ठेवला तेव्हा सगळा डोलारा वीस-बावीस सेंटिमीटर उंच झाला. खाली अकरा सेंटिमीटरचा डबा, वर अठरा सेंटिमीटरचा टोप. पळीने ढवळायला गेले आणि टोप कलला. वहिनीने सांडशीने धरला म्हणून वाचला. खिचडी टाकली तेव्हा ज्योतीचा ठिपका रुपयाच्या नाण्याएवढाच पडला, आणि बुडाला बरोबर तेवढाच काळा गोल करपला.

आडोसा लावून बघू, असं दादा म्हणाला. या शेगडीला पूर्ण वेढणारा आडोसा लावता येत नाही. धग परतून डब्यावर येते, आणि डबा पन्नास अंशांच्या वर जाऊ द्यायचा नसतो. जळताना डब्याला हात लावून तो गार लागतोय ना हे बघत राहायचं. कोमट लागला तर लगेच बंद.

शेगडी परत दिली, मनापासून आभार मानले. एकट्या माणसाला, कपभर चहाला हीच घ्यावी.

२४ नोव्हेंबर, रविवार

दिवस वाया गेला, पण लिहिते, कारण हे इतरांच्या कामाचं आहे.

ब्यूटेनचा उंच डबा बुटक्या डब्याच्या शेगडीला लावायचं एक जोडणीचं उपकरण ऑनलाइन मागवलं होतं. स्वस्त डब्यावर काम भागलं तर बरं, असा विचार होता. जोडलं, आणि पेटवण्याआधी साबणाचं पाणी सांध्यावर लावलं. आधी काहीच दिसलं नाही. मग सांध्याच्या खालच्या बाजूला एक बारीक बुडबुडा आला, फुगला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. कानाशी नेलं तरी आवाज नव्हता, वासही पुसट. साबण लावला नसता तर मी काडी ओढली असती.

गच्चीवर मोकळ्या हवेत सगळं सुटं केलं. आतलं रबरी कडं काढून नखाने ताणलं तर त्याला आडवी चीर होती. विकणाऱ्याने पैसे परत दिले, पण जोडणी आता नको. जितके सांधे कमी तितकं बरं. बुटका डबा महाग पडला तरी चालेल.

याच आठवड्यात एका दुकानात मला रिकामा डबा घरच्या सिलिंडरमधून भरून घ्यायचा सल्ला मिळाला. भरू नये. घरगुती गॅसमधल्या प्रोपेनमुळे दाब जास्त असतो. हा पातळ पत्र्याचा डबा एकदाच वापरायला केलेला आहे, आणि किती भरला ते कळायला मार्गही नाही.

१ डिसेंबर, रविवार

शेगडी ठरली. नळीची. डबा बाजूला राहतो, मधून लवचीक नळी, आणि बर्नर जमिनीलगत चार रुंद पायांवर. वजन १९० ग्रॅम. बर्नरचं तोंड रुंद आहे आणि ज्योत फुलासारखी पसरते. टोप जमिनीपासून जेमतेम नऊ सेंटिमीटरवर. पळी जोरात फिरवली तरी जागचा हलला नाही.

डबा लांब असल्यामुळे आता आडोसा बर्नरभोवती पूर्ण लावता येतो. जाड ॲल्युमिनियमच्या पट्टीचा घडीचा आडोसा घेतला, ९० ग्रॅम. खाली एक बोट हवेसाठी मोकळं ठेवलं, नाहीतर ज्योत पिवळी पडते. पुन्हा तोच फॅन, तोच क्रमांक : एक लिटर सहा मिनिटांत, १६ ग्रॅम. वाऱ्यात १६! मी दोनदा तोलून पाहिलं.

मंद आचेची परीक्षा दुधाने घेतली. अर्धा लिटर दूध पंधरा मिनिटं आटवत ठेवलं, खाली लागलं नाही. आईने बूड बोटाने पुसून बघितलं आणि मान डोलावली.

८ डिसेंबर, रविवार

गॅस वाचवायची खरी युक्ती आईकडून मिळाली. आजी भाताला एक कढ आला की टोप उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायची, शेतावरून माणसं येईपर्यंत भात मोकळा आणि गरम. मी गाडीच्या काचेला लावायचा चंदेरी फोमचा पडदा कापून टोपाच्या मापाची टोपी शिवली, वर झाकणाला वेगळा तुकडा. ७० ग्रॅम.

तांदूळ आणि डाळ एक तास भिजवली. डोंगरात हेच चढताना बाटलीत भिजतील. फोडणी, पाणी, उकळी, मग सात मिनिटं मंद आच, आणि उतरवून टोपीत. पंचवीस मिनिटांनी उघडलं तर डाळ बोटाने चुरडत होती. एकूण गॅस ३१ ग्रॅम. न भिजवता, पूर्ण शेगडीवर शिजवली तेव्हा ५२ लागले होते. वहिनी म्हणाली मीठ कमी आहे. बाकी काही म्हणाली नाही, दोनदा वाढून घेतली.

१४ डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. संध्याकाळी बांधाबांध. टोपात बसतात : शेगडी (कापडी पिशवीत), काडेपेटी, लायटर, पुसायचं फडकं. गॅसचा डबा टोपात आडवा बसतो पण झाकण लागत नाही, तो वेगळा. डबा ३८० ग्रॅम (त्यातला गॅस २३०), शेगडी १९०, टोप-झाकण ४१५, सांडशी ११०, आडोसा ९०, टोपी ७०. बेरीज १२५५. दीड किलोच्या आत.

२१ आणि २२ डिसेंबर, शनिवार-रविवार. नाणेघाट

पहाटे साडेपाचला ठाणे सोडलं. मुरबाडला चहा, वैशाखऱ्याजवळ गाडी लावून आठला चढायला लागलो. जंगलातली वाट, मग दगडी पायऱ्या, वर नाणेघाटाची खिंड. सातवाहनांच्या काळातला हा व्यापारी रस्ता, कोकणातून जुन्नरकडे जाणारा. गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि खिंडीच्या तोंडाशी तो दगडी रांजण, ज्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. गुहेत नुसतं बसलो, पाणी प्यायलो. तिथे काही शिजवायचं नाही हे आधीच ठरलं होतं, भिंतीवर धूर लागता कामा नये.

ही जागा निवडली ती वाऱ्यासाठी. पावसाळ्यात इथलं धबधब्याचं पाणी वारा उलटं वर फेकतो. डिसेंबरात इतका जोर नसतो, पण संध्याकाळी पठारावर कोकणाकडून चांगलाच वारा सुटला. शेताच्या बांधाआड जागा घेतली, आधी दोन हात गोल जमीन गवत काढून उघडी केली, मध्ये सपाट दगड, त्यावर शेगडी. पाण्याची भरलेली बाटली शेजारी. दादाने न सांगता हे सगळं केलं. गेल्या जानेवारीचं त्यालाही विसरता आलेलं नाही.

साबण-पाणी सांध्याला लावलं, बुडबुडा नाही. पेटवली. बाहेर वाऱ्याने वहिनीची ओढणी फडफडत होती आणि आडोशाच्या आत निळी ज्योत सरळ उभी होती. मी गुडघ्यावर बसून ती बघत राहिले. हळद-हिंगाची फोडणी बसली तेव्हा शेताच्या मालकीणबाई घरातून लसणाची चटणी घेऊन आल्या. "एवढ्याश्या चुलीवर चौघांचं होतंय?" त्यांनी विचारलं. पाचवं ताट त्यांनाच वाढलं. टोपात खिचडी तासाभरानेही हात भाजेल इतकी गरम होती.

तंबूच्या आत शेगडी न्यायची नाही, थंडी कितीही असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मैत्रीण कुडकुडत होती, तिला आत गरम पाण्याची बाटली दिली, शेगडी बाहेरच राहिली. वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवला.

पहाटे साडेपाचला नऊ अंश. डब्यावर दव होतं. पहिली ज्योत किंचित मंद वाटली. डबा दोन मिनिटं जॅकेटच्या आत पोटाशी धरला, मग नीट चालली. चहा, उपमा, पुन्हा चहा.

उतरण्याआधी दगड जागच्या जागी ठेवला. काढलेलं गवत वर पसरलं. जमीन काळी झालेली नव्हती.

२४ डिसेंबर, मंगळवार

डबा तोलला : २६१ ग्रॅम. म्हणजे ११९ ग्रॅम गॅस गेला, निम्म्याला थोडा जास्त. यात खिचडी, उपमा, चौघांचा तीन वेळचा चहा आणि बाटलीचं गरम पाणी. उरलेल्यात आणखी एक मुक्काम होईल, पण जपूनच. रिकामा झाल्यावर पूर्ण मोकळा करून, गच्चीवर भोक पाडून भंगारवाल्याला द्यायचा.

बदल : नळीच्या सांध्याचं जादा रबरी कडं जवळ ठेवायचं. टोपीचा तळ ओला झाला होता, त्याला खालून रेक्झिनचा तुकडा शिवायचा. सांडशीऐवजी काही हलकं मिळतं का ते बघणार नाही, सांडशीच चांगली.

टोप सध्या ओट्यावर आहे. आईने कालपासून त्यात दूध तापवायला सुरुवात केली आहे, खाली लागत नाही म्हणते. रविवारी जांभळी नाक्याला जाऊन काकांकडून तसाच दुसरा आणते.